दोन्ही पायांची लंगडी

जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यातली माणसं पाठमोरी ओळखू यायची. चालताना त्यांचा उजवा खांदा पावलागणिक किंचित खाली जायचा, जणू वाटेत काहीतरी दाबायचं राहून गेलं आहे आणि ते जाता जाता उरकून घेत आहेत. बाजारात त्याला कागदी चाल म्हणत.

ही चाल मुसळानं दिलेली होती. मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरामागे एक लांब तुळई आखावर बसवलेली असे. एका टोकाला जड मुसळ, दुसऱ्या टोकावर माणसाचा पाय. पायानं टोक दाबलं की मुसळ वर जाई, पाय सैल सोडला की ते धप्पकन उखळात पडे. जुन्या गोण्या, तुटके दोरखंड, जुनी जाळी, सगळं चुन्यात भिजवून त्या मुसळाखाली घालायचं आणि लोण्यासारखा लगदा होईतो कुटायचं. वर आढ्याला बांधलेली दोरी हातात धरायची, डावा पाय एका दगडी पायरीवर रोवायचा आणि उजव्यानं दाबत राहायचं. पायरी भिंतीला इतकी लागून असे की पाय बदलायला जागाच नव्हती. आजोबांनी उजव्या पायानं कुटलं, बापानं उजव्या पायानं कुटलं, मुलगाही तसंच कुटी.

मुलींना या कामाला कोणी लावत नसे. मुली ओले कागद भिंतीवर चिकटवत, नाहीतर सुकलेला कागद गुळगुळीत दगडानं घोटत बसत. पण आमिनाचा एकुलता भाऊ मुंबईला गिरणीत गेला तेव्हा घरात बापाखेरीज पाय उरले ते आमिनाचेच. ती तेव्हा आठ वर्षांची होती. पुढची आठ वर्षं ती त्या पायरीवर उभी राहिली.

तिला त्याचं दुःख होतं असं नाही. ठोके सुरू झाले की थोड्या वेळानं ते ऐकू येईनासे होत. उघड्या डोळ्यांनी तिला स्वप्नं पडत. कौलांतल्या एका फटीतून शिवनेरीचा कडा दिसे. ठोक्याठोक्यानं तो कडा पांढरा होत जाई, विरघळे, कुकडीच्या पाण्यात उतरे, आणि सगळी नदी एका लांबच लांब ओल्या कागदासारखी पसरे. त्या कागदावरून ती चालत असे. मागे वळून पाही तर पाऊल उमटलेलं नसे. मग बाप म्हणे, "बेटी, पुरे, मऊ झालं," आणि ती दोरी सोडे.

गल्लीतल्या पोरी विचारत, "आमिना, आज किती ठोके?" आणि तिच्या मागून उजवा खांदा पाडत चालत. तीही हसे. आपण कशा चालतो हे आपल्याला कुठे दिसतं?

ते तिला कळलं पंधराव्या वर्षी. मंचरहून एक स्थळ आलं होतं. चांगली माणसं होती. मुलाच्या आईनं शिरखुर्मा खाल्ला, आमिनाचा चेहरा पाहिला, केस पाहिले, आणि म्हणाली, "बेटी, जरा पाणी आण." आमिना उठून माठापर्यंत गेली आणि तांब्या घेऊन आली. बाई पाणी प्यायल्या. जाताना आमिनाच्या आईचा हात हातात धरून खूप गोड बोलल्या. त्यांच्याकडून निरोप मात्र आला नाही.

पुढच्या वर्षी मोहल्ल्यातल्याच सत्तारच्या आईनं तिला नदीवरून येताना पाहिलं. ती म्हणाली, "ही चाल आमच्याच घरातली आहे. हिला काय पाहायचं?" लग्न झालं. सत्तार अबोल आणि सरळ माणूस होता. लगदा कालवलेल्या हौदात कागदाचा साचा बुडवून तो असा अलगद उचलायचा की पाण्याला कळू नये. आमिना त्याचे ओले कागद मऊ कुंच्यानं गच्चीच्या भिंतीवर चिकटवी. संसार बरा चालला होता. पण दिलशाद जन्मली आणि बाळाचे ते दोन सारखे पाय हातात घेतले, तेव्हा आमिनानं मनाशी एक ठरवलं, आणि ते कोणालाही सांगितलं नाही. हिचा पाय त्या तुळईवर पडू द्यायचा नाही.

म्हणून दिलशाद सात वर्षांची झाली तशी आमिनानं तिला मुलींच्या शाळेत घातलं. शाळेत गेलेली मुलगी दिवसभर बसते. बसलेल्या मुलीचे पाय सरळ राहतात. तिचा हिशेब एवढाच होता. मोहल्ल्यातल्या आणखी तिघींनी तिचं पाहून आपापल्या मुली धाडल्या.

शाळा गच्चीवरून दिसायची. मधे एक गल्ली, पलीकडे शाळेचं अंगण आणि त्यात एक कडुनिंब. सन १९११च्या पौषात, एका मंगळवारी, आमिना कागद चिकटवत होती. थंडी होती, बोटं बधिर झाली होती. अंगणातून मुलींचा गलका आला म्हणून तिनं वाकून पाहिलं. मुली सैरावैरा पळत होत्या आणि त्यांच्यामधून एक मुलगी एका पायावर उड्या मारत त्यांना शिवायला धावत होती. उजवा पाय जमिनीवर, डावा वर दुमडलेला. प्रत्येक उडीला तिचा उजवा खांदा खाली जात होता.

आमिनाला वाटलं, आपण आपल्यालाच पाहतो आहोत. कडुनिंब हलला, अंगणातलं ऊन हललं, आणि त्या उन्हात आठ वर्षांची आमिना उड्या मारत होती. ठोके ऐकू येत होते. किती वेळ ती तशी उभी राहिली कोण जाणे. हातातला कागद गळून गच्चीवर पडला आणि त्याचा पुन्हा लगदा झाला.

ती मुलगी दिलशाद होती.

संध्याकाळी तिनं विचारलं, "आज शाळेत काय केलंत?"

"लंगडी, अम्मा. पुण्याहून हुकूम आलाय, मुलींनी रोज अर्धा तास खेळायचं. बाई मलाच पाठवतात. माझ्याइतकं कोणाला जमतच नाही."

"रोज तूच?"

"रोज. परवा मी आठ जणींना बाद केलं."

"कुठल्या पायावर?"

दिलशादला प्रश्नाचं हसू आलं. "जमतं त्या पायावर."

दोन दिवसांत गोष्ट मोहल्लाभर झाली. सितारा खाला सगळ्यांत वडीलधारी. तिचा शब्द कोणी मोडत नसे, कारण तिच्या कागदाला कधी गाठ राहत नसे. ती आमिनाच्या ओट्यावर येऊन बसली, पान लावलं आणि म्हणाली, "अगे आमिना, तुझ्या मागून आमच्या पोरी गेल्या. आता सांग, आपल्या पोरी गल्लीतल्या माणसांसमोर नाचायच्या का? डोक्यावरची ओढणी कुठं, पोर कुठं. उड्या मारून पोटातलं सगळं जागचं हलतं, मग उद्या लेकरं कशी होणार?"

"खाला, तो खेळ आहे."

"खेळ आपण पण खेळलो. दार लावून. तू बाईकडे जा. तुला मराठी चांगलं येतं. सांग, हे उड्यांचं बंद करा, नाहीतर चारही पोरी काढून घेतो. आणि तुला काय चिंता? काढलीस तर घरात काम आहेच. तुझ्या सासऱ्याचे गुडघे गेले. मुसळावर पाय हवाच आहे."

आमिनाच्या मनात हिशेब फिरू लागला. शाळेतून काढली तर तुळई, ठेवली तर लंगडी. दोन्हीकडे एकच पाय. सत्तार आत बसून ऐकत होता. खाला गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "तू जाऊन तर ये."

दुसऱ्या दिवशी ती बुरखा घालून शाळेत गेली. खेळ नुकताच संपला होता आणि मुली आत पाढे म्हणत होत्या. शाळेच्या बाई म्हणजे सोनीबाई, वारूळवाडीच्या माळ्याची लेक. ऐन तारुण्यात नवरा गेला, आणि भावानं हिंमत करून तिला पुण्याला शिकायला धाडलं. पांढरं लुगडं, ठसठशीत आवाज. तिच्यासमोर पायरीवर आधीच एक बाई तक्रार घेऊन बसली होती, वेशीबाहेरच्या मळ्यातली साळुबाई.

"बाई, आमची चिमा तुमच्याकडं यायच्या आधी अर्धी भाकर खायाची," साळुबाई म्हणत होती. "आता दोन खाती न् वर कालवण पुसून घेती. लई दमती म्हनं. आमी काय तुमच्या खेळासाठी जोंधळा पेरायचा का?"

"दोन भाकरी खाते हे वाईट आहे का, साळुबाई?"

"वाईट न्हाई वो. पर सासरी गेल्यावर सासू मोजंल की. म्हनंल, आईनं हिला असंच वाडवलं व्हतं का काय." मग तिनं आमिनाकडे पाहिलं. "या, बसा. तुमचीबी खाती का?"

आमिना हसली आणि बसली. तिनं बुरखा वर सारला आणि खालानं सांगितलेलं सगळं एकेक करून सांगितलं, गल्लीतली माणसं, ओढणी, उड्या, पोटातलं हलणं. सोनीबाईनं मान खाली घालून ऐकलं.

"गल्लीच्या बाजूनं आडोसा करू," ती म्हणाली. "ओढणी कमरेला गाठ मारून बांधली तर सरकत नाही, मी माझा पदर तसाच खोचते. आणि आमिनाबी, पोटाचं म्हणाल तर तुमच्या बायका लगदा नदीत धुऊन त्याची ओली ओझी डोक्यावर घेऊन चढून येतात. त्यांना लेकरं होत नाहीत का?"

"आडोशाला गोणपाट मी देते," साळुबाई म्हणाली. "दोन हायेत घरात. न्हाईतरी ती कागद्यांच्याच उखळात जायाची. तेवढीच वाचली."

इथं निघायला हरकत नव्हती. खालाचा निरोप पोचला होता आणि उत्तरही मिळालं होतं. पण आमिना उठेना. मंचरची बाई पाणी प्यायली होती तो तांब्या तिला दिसू लागला, पितळेचा, काठाला एक पोचा असलेला.

"माझं एक आहे," ती म्हणाली. "हे खालाचं नाही, माझं."

"बोला ना."

"पाय. एकच पाय वापरता तुम्ही."

सोनीबाईला कळलं नाही. "लंगडी एकाच पायावर असते, आमिनाबी. दुसरा टेकला की बाद."

आमिनाला सांगता येईना. मग ती उठली, चपला काढल्या, बुरखा घोट्याच्या वर धरला आणि अंगण ओलांडून कडुनिंबापर्यंत चालत गेली. तिथं वळली आणि परत आली. सकाळी मुलींनी सडा घालून अंगण झाडलेलं होतं. माती अजून मऊ होती.

"बघा," ती म्हणाली.

तिची पावलं मातीत स्पष्ट उमटली होती. उजवं पाऊल पसरट, पानासारखं रुंद, बोटं फाकलेली. डावं अरुंद, पण टाचेशी खोल रुतलेलं. दोन वेगळ्या माणसांची पावलं असावीत तशी. आणि तिच्या पावलांच्या आजूबाजूला मुलींच्या खेळाच्या खुणा होत्या. पळणाऱ्यांची गिचमीड, आणि त्या गिचमिडीतून एकच लांब माळ. उजवं पाऊल, उजवं पाऊल, उजवं पाऊल. झाडाला वळसा घालून, भिंतीशी जाऊन, परत फिरून, अंगणभर. ते पाऊल लहान होतं. आत्ताच त्याची बोटं जराशी फाकलेली होती.

साळुबाई वाकून पाहू लागली. सोनीबाई खाली बसली आणि तिनं त्या लहान पावलावर तळहात ठेवला.

"कोणाचं?" तिनं विचारलं, पण तिला ठाऊक होतं.

"मला आठ वर्षं लागली," आमिना म्हणाली. "तिला तुम्ही रोज पाठवता. तिला जमतं म्हणून पाठवता. माझ्या बापालाही वाटायचं, हिला जमतं."

"मग नको पाठवू तिला?"

खिडकीत दिलशाद येऊन उभी राहिली होती. पाढे थांबले होते. तिचा चेहरा असा झाला होता की जणू कोणी तिच्या हातातलं काहीतरी काढून घेणार आहे. आमिनानं तो चेहरा पाहिला. तीही अशीच उभी असायची, बाप म्हणायचा पुरे, मऊ झालं, आणि तिला अजून त्या पांढऱ्या नदीवर चालायचं असायचं.

"पाठवा," ती म्हणाली. "पण दोन्ही पायांची लंगडी करा. उजव्यावर वीस उड्या, मग झाडाखाली थांबायचं, पाय बदलायचा, मग डाव्यावर वीस. मोजणी पळणाऱ्या पोरींनी करायची, म्हणजे कोणी लबाडी करणार नाही."

"डाव्यावर कोणाला जमणार, अम्मा?" दिलशाद खिडकीतून म्हणाली. "मी पडेन. सगळ्या हसतील."

"जमत न्हाई तेच तर शिकायचं आसतं साळंत," साळुबाई म्हणाली.

सोनीबाईनं सगळ्या मुलींना बाहेर बोलावलं. दिलशादनं डाव्या पायावर तीन उड्या मारल्या आणि चौथीला बसकण मारली. मुली खरंच हसल्या. दिलशादचे डोळे भरले आणि ती आईकडे रागानं पाहू लागली, सगळं तिनंच केल्यासारखं. तसं ते होतंच.

तेव्हा आमिनानं बुरखा काढून साळुबाईच्या मांडीवर ठेवला. ओढणी कमरेला गाठ मारून बांधली, आत्ताच ऐकलं होतं तशी. उजवा पाय वर घेतला.

आपण पडणार हे तिला माहीत होतं. डावा म्हणजे तिचा बिनकामाचा पाय. नाव घ्यायचं ते उजव्याचं. ठोके त्यानंच मारले होते. तिनं पहिली उडी मारली आणि पडली नाही. दुसरी मारली. अंगण थोडं हललं, पुन्हा जागेवर बसलं. आठ वर्षं सगळं अंग याच पायावर तोललेलं होतं, दगडावर, पहाटेच्या गारठ्यात, आणि याला कधी कोणी विचारलं नव्हतं. मुली मोजू लागल्या. पाच, सहा, सात. कडुनिंबाची सावली तिच्या अंगावरून गेली. अकरा, बारा. कुठूनतरी ठोके येत होते, पण आज ते पायातून नव्हते, मुलींच्या तोंडातून होते, आणि पायाखाली ओला पांढरा कागद पसरत चालला होता, कुकडीच्या काठापर्यंत, त्याच्याही पुढं. वीसला ती झाडापाशी थांबली. श्वास लागला होता. मागे वळून तिनं पाहिलं. यावेळी पावलं उमटली होती. डावं, डावं, डावं.

"तुमची अम्मा पडली नाही गं," चिमा दिलशादला म्हणाली.

दिलशाद उठली, परकरावरची माती झटकली आणि आईनं उमटवलेल्या पहिल्या पावलावर आपला डावा पाय ठेवून उभी राहिली.

सितारा खालाला आमिनानं सांगितलं, की आडोसा झाला आहे आणि ओढणीला गाठ आहे. बाकीचं सांगितलं नाही. पण साळुबाईनं बाजारात सगळं सांगितलं, आणि मीठमसाला लावून. खाला चार दिवस आमिनाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी ओट्यावर येऊन म्हणाली, "वीस उड्या? माझी नात पंधराच मारते. तिला काय कमी खायला घालतो आम्ही?"

त्या उन्हाळ्यात सत्तारनं पायरीजवळच्या भिंतीतला एक दगड फोडून काढला आणि त्याची तुळईच्या दुसऱ्या अंगाला पायरी केली. सकाळी उजव्यानं, दुपारी डाव्यानं. इतक्या पिढ्यांत हे कोणाला सुचलं नव्हतं. दगड फोडायला त्याला अर्धा दिवस लागला.

आमिनाची चाल या सगळ्यानं सुधारली नाही. तिचं वय होऊन गेलं होतं. पुढं गिरणीच्या कागदानं हातकागदाला मागं सारलं, मोहल्ल्यातली मुसळं एकेक करून गप्प झाली, तरी ती रोज सकाळी गच्चीवर जाऊन कोऱ्या भिंतीवरून हात फिरवून येई. शाळेच्या अंगणातून मोजणी ऐकू येई. वीसला एक लहानसा थांबा असे, आणि मग पुन्हा एकपासून. तो थांबा जुन्नरबाहेरच्या लंगडीत नव्हता. बदलून आलेल्या नव्या बाईंनी तो का, असं विचारलं तेव्हा मुलींना सांगता आलं नाही. खेळ असाच असतो, त्या म्हणाल्या.

दिलशादचं लग्न सतराव्या वर्षी आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या अत्तर विकणाऱ्या एका आतारांच्या घरी झालं. पाहायला आलेल्या बायकांनी तिला पाणी आणायला सांगितलं तेव्हा आमिना दाराआड उभी राहून मनात मोजत होती. पाणी आलं, प्यायलं गेलं, आणि निरोप तिसऱ्या दिवशी आला.

पहिल्या ईदेला ती माहेरी आली. चार दिवस राहून निघाली. तिला न्यायला दोन नणंदा आल्या होत्या. बैलगाडी नदीपलीकडे उभी होती. आमिना काठापर्यंत सोबत गेली. तिघींनी बुरखे घेतले, पाण्यातल्या दगडांवरून पलीकडे गेल्या आणि चढण चढू लागल्या. सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. तीन पाठमोऱ्या काळ्या आकृती, सारख्या उंचीच्या, सारख्या पावलांनी, पांढऱ्यात वर वर चालल्या होत्या.

आमिनानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. डावीकडची असेल. नाही, मधली. तिनं खांदे पाहिले. एकीचाही खांदा खाली जात नव्हता. यांतली आपली कोणती, हे तिला ओळखता आलं नाही.

ती काठावर उभी राहिली. गाडीपाशी पोचल्यावर तिघींपैकी एकीनं वळून हात हलवला. तेव्हा तिनंही हलवला.